वारा कुठून होता

२०१४च्या जून महिन्यात मी दक्षिण आफ्रिकेत एक कुडू मारला. परत आल्यावर दीड-दोन महिन्यांत ती हकीकत सात-आठ जणांना सांगितली, आणि दर वेळी थोडी थोडी खोटी सांगितली.

कुडू म्हणजे हरणासारखंच, पण फार मोठं जनावर. आपल्या सांबरापेक्षा उंच, अंगावर खडूनं ओढल्यासारखे पांढरे पट्टे आणि डोक्यावर पीळ पडत गेलेली दोन शिंगं, दोन-दोन हात लांब. माझा कुडू तसाच होता. तेवढं खरं सांगायचो.

मी मरीन इंजिनिअर. पंधरा वर्षं बोटीवर काढली आणि मग सिंगापूरला किनाऱ्यावरची नोकरी धरली. दुरुस्तीला गोदीत येणाऱ्या बोटींची कामं बघायची, म्हणून घरही सेम्बावांगला, शिपयार्डजवळच घेतलं. बायको संजीवनी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. मुलगी गार्गी तेव्हा तेरा वर्षांची होती. आमच्या कंपनीकडे ज्याच्या सहा बोटी होत्या त्या मालकाला शिकारीचा नाद. त्या वर्षी त्याच्या दोन बोटी मुदतीआधी गोदीतून बाहेर पडल्या, तेव्हा खूश होऊन तो आम्हां चौघांना आफ्रिकेतल्या एका खासगी रानात घेऊन गेला. तोवर मी आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. दोन दिवस त्यांनी पुठ्ठ्यावर नेम शिकवला आणि तिसऱ्या दिवशी मी कुडू मारला.

ऑगस्टमध्ये आई पुण्याहून दोन महिन्यांसाठी आली. तिचं नाव कुमुद, वय सहासष्ट. ती आल्यावरच्या पहिल्याच रविवारी माझा मित्र प्रतीक आणि त्याची बायको किमया आमच्याकडे जेवायला आले. प्रतीक चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात असतो. त्याचा दिवस खुर्चीत जातो, त्यामुळे माझी गोष्ट त्याला ऐकायचीच होती. जेवणानंतर मी टीव्हीवर फोटो लावला आणि सुरुवात केली. तीन तास काटेरी झुडपांतून माग काढला, जनावराला आमची चाहूल लागली होती, शेवटचे शंभर मीटर मी पोटावर सरपटत गेलो, आणि एकच गोळी. प्रतीक पुढे सरकून ऐकत होता. आई बाजूला बसून कोथिंबीर निवडत होती.

माझं संपल्यावर तिनं विचारलं, "वारा कुठून होता?"

मला प्रश्नच कळला नाही.

"तीन तास मागावर होतास ना," ती म्हणाली. "मग वारा कुठून होता ते माहीत असेल."

समोरून होता, असं मी ठोकून दिलं. मग तिनं विचारलं की मागच्या खुरांचे ठसे पुढच्या ठशांवर पडत होते की मागे; चाहूल लागली तेव्हा त्यानं कान कुठे वळवले; चरताना थांबला की थांबून मग चरायला लागला. तिच्या आवाजात उलटतपासणी अजिबात नव्हती. माहेरच्या माणसांची चौकशी करावी, तसं ती विचारत होती. मी दोन उत्तरं दिली आणि तिसऱ्याला पाणी आणायला म्हणून उठलो. प्रतीकच्या काही लक्षात आलं नाही. आईच्या मात्र आलं असावं, कारण ती कोथिंबिरीच्या काड्या गोळा करून आत गेली.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. आई भांडी पुसत होती आणि गार्गी फ्रीजपाशी उभी राहून दही खात होती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि खरं काय झालं ते सांगितलं.

माग वगैरे काही नव्हता. आम्ही उघड्या जीपमध्ये होतो. आठ फुटी तारेच्या कुंपणातलं फाटक उघडून जीप आत नेली आणि फाटक लावून घेतलं. कोरड्या महिन्यांत त्या कुंपणातल्या जनावरांना त्याच जीपमधून चारा घालतात. वाटाड्यानं इंजिन दोनदा रेस केलं आणि मग बंद केलं. पाचेक मिनिटांत झुडपांतून कुडू बाहेर आला आणि सरळ आमच्याकडे चालत यायला लागला. चाळीस पावलांवर येऊन थांबला. कान पुढे, मान जरा वाकडी. वाटाड्या हळूच म्हणाला, आता. मी गोळी झाडली. तो पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर बसला, आणि तसा बसूनही जीपकडेच बघत राहिला. मग त्यांनी रक्त पुसलं, मान नीट वळवली, मला मागे बसवलं आणि फोटो काढला.

"सो इट जस्ट केम टु यू?" गार्गीनं विचारलं.

मी हो म्हटलं. तिनं दह्याची वाटी तशीच ओट्यावर ठेवली आणि ती तिच्या खोलीत निघून गेली.

त्या वेळी मला आनंद झाला होता, हेही मी आईला सांगितलं. आईनं फडकं वाळत घातलं, खुर्ची ओढून बसली, आणि मी चव्वेचाळीस वर्षांत जे ऐकलं नव्हतं ते ती सांगायला लागली.

तिचे वडील, अण्णा, पाटणकडच्या खोऱ्यात शाळामास्तर होते एवढंच मला माहीत होतं. त्यांच्याकडे बारा बोअरची बंदूक होती आणि रानडुकरं भुईमूग उकरायला लागली की आसपासच्या वाड्यांवरचे लोक त्यांनाच बोलवायला यायचे, हे नव्हतं माहीत. आई सहा वर्षांची असताना आजी गेली. मुलीला घरी कुणापाशी ठेवणार, म्हणून अण्णा तिला बरोबर न्यायचे. बारा वर्षांची झाली तोवर तिची नजर त्यांच्यापेक्षा तयार झाली होती. अण्णांना लांबचं दिसेनासं झालं तेव्हा माग तीच काढायची, अण्णा मागून बंदूक घेऊन यायचे. बहुतेक दिवस दोघं रिकाम्या हातानं परत यायची. एकदा जखमी झालेलं डुक्कर निसटलं, तर अण्णांनी शाळेला दोन दिवस सुट्टी दिली आणि ते सापडेपर्यंत रानातून घरी आले नाहीत. जनावर पडलं की ते त्याच्याजवळ खाली बसायचे. अंग गार पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. बहात्तर साली शिकारबंदीचा कायदा आला, त्यांनी बंदूक तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा केली, आणि पुण्यात सासरी हा विषय काढावा असं आईला कधी वाटलं नाही.

मी विचारलं, म्हणजे अण्णांचं ते बरोबर आणि माझं चूक, असंच ना?



"मेलेल्या डुकराला काय फरक पडतो," ती म्हणाली. "पण मरायच्या आधी त्याला आम्हाला हरवता यायचं, प्रबोध. आणि बहुतेक वेळा हरवायचाच तो. तुझ्या त्या जनावराला हरवायला जागा कुठे होती? त्याला तर खेळ चालू आहे हेही माहीत नव्हतं."



आमच्या ब्लॉकमागच्या रस्त्यापलीकडे झाडीचा एक पट्टा आहे. कधीकाळी तिथे खेडं होतं. घरं गेली, पण त्या लोकांनी लावलेली रबराची झाडं आणि रंबुटान, डुरियन ही इकडची फळझाडं तशीच राहिली आणि त्यांच्याभोवती रान माजलं. झाडीच्या कडेनं पायवाट आहे आणि पुढे सैन्याची हद्द, तिथे आत जायला बंदी. मी सहा वर्षं त्या पायवाटेनं चालायला जात होतो. त्याच आठवड्यात एका सकाळी आई बरोबर आली आणि डुरियनच्या एका झाडाजवळ थांबली. खाली जमीन उकरलेली होती, चार-पाच हात लांब पट्टा, नांगर फिरवल्यासारखा. तसे पट्टे मी अनेकदा पाहिले होते. मला वाटायचं, केबलवाले खणून ठेवतात.

आईनं चपला काढल्या, खाली बसली आणि माती चिमटीत घेऊन चुरली.

"आज पहाटेचं आहे," ती म्हणाली.

मग ती उठून हळूहळू झाडांभोवती फिरली. मी तिच्यामागे. एका रबराच्या खोडाला तिच्या कमरेपर्यंत चिखल लागून वाळला होता. सालीत एक जाड काळा केस अडकला होता, टोकाला दुभंगलेला. तिनं तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. ओल्या मातीतला एक ठसा बोटांनी मोजला, दुसरा मोजला, पुन्हा पहिल्याकडे आली. रानडुक्कर आहे, एकांडा नर, म्हातारा आहे, आणि मागचा डावा पाय जरा ओढतो, असं ती म्हणाली. मी इंजिनिअर माणूस. बेअरिंग बिघडलंय की नाही हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो आणि तरुण पोरं माझ्याकडे बघत राहतात. त्या सकाळी मी तसा आईकडे बघत उभा होतो.

डुकराला बघायचंय, असं तिनं सांगितलं. जवळ जायचं नाही, पायवाट सोडायची नाही, खायला काही टाकायचं नाही. तो येईल तर येईल.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहाटे साडेपाचला निघायला लागलो. साबण बंद, आफ्टरशेव्ह बंद, फोन घरी. संजीवनीनं डासांचा मलम पुढे केला तर आईनं तोही वासामुळे नको म्हटलं, आणि डासांनी आम्हां दोघांना फोडून काढलं. आई पंजाबी ड्रेसच्या खिशात पावडरीचा छोटा डबा ठेवायची. चिमूटभर पावडर हवेत सोडायची, ती कुठे जाते ते बघायची आणि त्याप्रमाणे बसायची जागा ठरवायची. पायवाटेच्या वळणावर काँक्रीटची एक जुनी पायरी होती, बहुधा कुणाच्या तरी घराची. बऱ्याचदा तिथेच बसायचो.

पहिल्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्या आधी येऊन गेला होता. उकरलेल्या मातीतून अजून मुंग्या पळत होत्या. तिसऱ्या दिवशी उजाडताना झाडीत काहीतरी मोठं हललं. तेवढ्यात माझ्या मानेवरून मागून गार झुळूक गेली. आतून एक फुत्कार आला आणि झुडपं मोडत काहीतरी लांब निघून गेलं.

"वास लागला," आई म्हणाली. हरली होती, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मला तिचे लहानपणचे फोटो नाहीत याचं वाईट वाटलं.

चौथ्या दिवशीही काही नाही. ऑफिसात मला दुपारी झोप यायची. पण खरं सांगतो, त्या चार दिवसांत मी जेवढं ऐकलं तेवढं गेल्या सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. पहिली बस कधी वळते, त्यानंतर किती वेळानं पक्षी सुरू होतात, पिकलेला डुरियन खाली पडतो तेव्हा आधी वर पानांत कसा खसखसतो. तोवर ते रान माझ्यासाठी चालायच्या वाटेच्या बाजूचं हिरवं काहीतरी होतं. आता तिथे कुणीतरी राहत होतं, आणि आम्ही त्याच्या दारात बसलो होतो.

पाचव्या दिवशी तो आला.

आवाज आलाच नाही. मी डुरियनच्या झाडाकडे बघत होतो, तिथे अंधार जरा दाट वाटत होता, आणि मग तो दाटपणा पुढे सरकला. आधी मला त्याचा आकारच समजला नाही. खांदे एवढे उंच आणि मागचा भाग उतरता. सगळं वजन पुढे, डोक्यात. पाठीवरून राठ केसांची एक रेघ. मागचा डावा पाय खरंच ओढत होता. आईनं तो पाय पाच दिवसांपूर्वीच मातीत वाचला होता.

त्यानं खाली पडलेल्या एका डुरियनवर पुढचा पाय ठेवला. ते काटेरी फळ माणसाला सुऱ्याशिवाय फोडता येत नाही. त्यानं नाकाडानं ते एका बाजूनं दाबलं, सुळा फटीत घातला आणि मान झटकली. फळ फाटल्याचा आवाज आला. मग तो खायला लागला. बिया दातांखाली फुटताना ऐकू येत होत्या. त्याचा श्वास ऐकू येत होता. मधे फक्त पायवाट आणि थोडं गवत. मी नंतर मोजलं, बारा पावलं. लांब रस्त्यावरून बस गेली तेव्हा त्यानं एक कान तिकडे वळवला आणि खात राहिला. म्हणजे बस त्याला माहीत होती. आमच्या ब्लॉकचे दिवे, पहाटे कचरा उचलणारी गाडी, रोज चालणारा मी, हे सगळं त्याला माहीत असणार. पन्नास लाखांच्या शहरात, माझ्या बेडरूमपासून चारशे मीटरवर तो आपल्या मर्जीनं राहत होता, आणि मला सहा वर्षं पत्ता नव्हता.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग वारा फिरला असावा. त्यानं डोकं वर केलं आणि आमच्याकडे पाहिलं.

डोळे लहान होते, डोक्याच्या मानानं फारच लहान. पाठीवरची केसांची रेघ हळूहळू उभी राहिली. आईनं माझं मनगट धरलं होतं. मला पळायचंही सुचलं नाही. पुढे काय व्हायचं हे तो ठरवत होता आणि आम्ही दोघं वाट बघत होतो. दुसरं काही करण्यासारखं आमच्या हातात नव्हतं. भीती होती, पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच काहीतरी होतं. मी बोटीवर असताना वादळं पाहिली आहेत. तेव्हा समुद्राला मी आहे हे माहीत नसतं. याला माहीत होतं. त्यानं मला पाहिलं, माझा अंदाज घेतला, आणि मी फारसा महत्त्वाचा नाही असं त्याचं मत झालं. उरलेल्या फळाचा तुकडा तोंडात धरून तो वळला आणि आला होता तसाच, घाई न करता, झाडीत गेला. मागचा पाय शेवटी दिसेनासा झाला.

आईनं माझं मनगट लगेच सोडलं नाही. मला वाटलं, घाबरली. पाणी दिलं तर तिनं मानेनं नको म्हटलं. माझ्या मनगटावर तिच्या नखांच्या चार खुणा उमटल्या होत्या.

"अण्णांबरोबर मी अठरा डुकरं पाडली," ती म्हणाली. "इतका वेळ एकही पाहिलं नव्हतं रे. दिसलं की बार व्हायचा. फळ कसं फोडतो ते मला आज कळलं."

ती त्या पायरीवर ऊन येईपर्यंत बसून राहिली आणि मीही तिच्याजवळ बसलो.

सप्टेंबरमध्ये त्या खासगी रानाकडून ईमेल आला. शिंगं तयार आहेत, कागदपत्रंही झाली आहेत, पाठवायची कुठे? टाकून द्या असं लिहायला मी लॅपटॉप उघडला होता. आईनं विचारलं, काय लिहितोयस. सांगितल्यावर म्हणाली, "मारलास ना तू? मग दुसऱ्याच्या गळ्यात कशाला टाकतोस. आण घरी." मी घरचा पत्ता पाठवला. ती ऑक्टोबरमध्ये पुण्याला परत गेली आणि डिसेंबरात लाकडी खोक्यातून शिंगं आली. हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटावर आहेत. येणारा प्रत्येक जण विचारतोच. मग मी जीपपासून सुरुवात करतो आणि तो गुडघ्यांवर बसून जीपकडे बघत होता तिथे संपवतो. काही जण विषय बदलतात. प्रतीकला सांगितलं तेव्हा तो म्हणाला की त्याला पहिली गोष्ट जास्त आवडली होती. मलाही आवडली होती, असं मी म्हटलं.

पुढच्या जूनमध्ये बोटींच्या मालकानं पुन्हा बोलावलं. या वेळी सिंह होता. कामाचं निमित्त सांगून टाळता आलं असतं, पण मी त्याच्या समोर बसून येणार नाही म्हणालो आणि का ते सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं की त्या डुकराच्या मागे पाच दिवस फिरून मला मिळालं काय. खांदे उंच होते, असं काहीतरी बोललो. तो हसला. त्याच्या बोटी अजून आमच्याकडेच आहेत, मात्र आता तो फोन माझ्या सहकाऱ्याला करतो.

गार्गी दीड वर्ष त्या पायवाटेला आली नव्हती. शिंगांकडेही बघायची नाही. मीही कधी आग्रह केला नाही. २०१६च्या जानेवारीत एका रविवारी पहाटे मी बूट घालत होतो, तर ती जॅकेट घालून दारात उभी होती. आम्ही पायरीवर बसलो. उजाडता उजाडता, अगदी अनपेक्षित बाजूनं, सैन्याच्या हद्दीच्या कुंपणाखालून एक डुकरीण बाहेर आली आणि पायवाटेवर मधोमध थांबली. तिच्यामागून एक पिल्लू आलं, मग दोन, मग एकदम चार. अंगावर पिवळसर पट्टे, शेपट्या ताठ. ती आमच्यासमोरून रांगेनं पलीकडे गेली. सगळ्यात मागचं पिल्लू मधेच थांबलं, नाक वर करून हवेत काहीतरी हुंगलं आणि धावत सुटलं.

गार्गीनं तोंडावर हात धरला होता. गवत हलायचं थांबलं तरी ती तशीच बसून होती. मग माझ्या कानाशी येऊन, एरवी घरात इंग्रजीतच उत्तरं देणारी ती, अगदी हळू आवाजात मराठीत म्हणाली, "बाबा, आजीला तू नको सांगू. मी सांगते."